लेकीचं लग्न इंग्लंडमधल्या चर्चमध्ये: इथल्या रीतींचं मूळ नक्की काय?

मनीषा_यॉर्कशायर

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय.

आमच्या धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा इंग्रज, यॉर्कशायरमधल्याच एका खेड्यातला. डिसेंबरात पुण्याला आपल्या पद्धतीनं होईल, त्याची मला काळजी नाही. अंतरपाटापासून सूनमुखापर्यंत सगळं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण त्याआधी सप्टेंबरात त्यांच्या गावच्या चर्चमध्ये लग्न आहे, कायद्यानं धरलं जाणारं लग्न तेच, आणि तिथलं मला काही म्हणजे काही माहीत नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघं त्या चर्चमध्ये जाऊन बसलो. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं भर प्रार्थनेत वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. त्याला बॅन्स म्हणतात. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी व्हिकरबाई, म्हणजे तिथल्या पाद्रीबाई, हातात चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या आणि आमचं आडनाव कसं म्हणायचं ते विचारलं. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. त्यांनी तो चार वेळा म्हणून बघितला, चिठ्ठीवर पेन्सिलीनं काहीतरी खूण केली. वाचताना त्या अक्षरापाशी क्षणभर थांबल्या आणि अगदी बरोबर म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ह्यांनी रुमाल पुढे केला.

नंतर चहाला विहीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक डबी लेकीच्या हातात ठेवली. आत सहा पेनीचं जुनं नाणं, लग्नादिवशी डाव्या बुटात ठेवायला. इथे एक म्हण आहे: काहीतरी जुनं, काहीतरी नवं, काहीतरी उसनं, काहीतरी निळं, आणि बुटात सहा पेनी.

घरी येऊन मी नेटवर शोधायला बसले. करवल्यांना एकसारखे कपडे का, तर म्हणे भुतांना खरी नवरी ओळखू येऊ नये. नवरी डावीकडे का, तर नवऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा. ज्या पानावर जावं तिथे वेगळी गोष्ट आणि पुरावा कुठेच नाही. पुण्यात व्याही मंडळी मला प्रत्येक विधीचा अर्थ विचारणार आहेत, तसा मलाही त्यांचा अर्थ नीट माहीत असावा असं मनापासून वाटतं. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

अजून एक. बापानं मुलीला हात धरून नेऊन द्यायचं, ही रीत लेकीला नको आहे. ती म्हणते दोघंही चला. असं चालतं का?

---

निशांत०७

अभिनंदन मनीषाताई! मी इथे कायदा शिकतोय, म्हणून त्या बाजूनं लिहितो.

बॅन्सची पुकार खरंच जुनी आहे. १२१५ साली रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेत पोपनं ती सगळ्या ख्रिस्ती जगाला लागू केली. कारण व्यवहारी होतं: नवरा आधीच लग्न झालेला आहे का, दोघं जवळच्या नात्यातले आहेत का, हे गावाला माहीत असतं, तेव्हा गावालाच विचारा. पण इंग्लंडमध्ये बॅन्सशिवाय झालेलं लग्नही वैध धरत. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन लग्नं लावणाऱ्या पाद्र्यांचा बाजारच भरला होता. ते बंद करायला १७५३ चा हार्डविक कायदा आला आणि २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. बॅन्स किंवा परवाना, आणि लग्न चर्चमध्येच. सूट फक्त क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू लोकांना. परवान्यावर लग्न करणारं कुणी २१ च्या आतलं असेल तर वडिलांची संमती हवी.

हा कायदा स्कॉटलंडला नव्हता! तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ म्हटलं की झालं. म्हणून पळून जाणारी जोडपी सीमा ओलांडून पहिल्या गावात, ग्रेटना ग्रीनला, लग्न करायची. तिथे लोहाराच्या ऐरणीपाशी लग्नं लागत, म्हणून ती ऐरण प्रसिद्ध झाली. १८५६ मध्ये नियम झाला की दोघांपैकी एकानं तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडात राहिलेलं असावं, तेव्हा ती धावपळ ओसरली.

दुसरं, तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर दुपारच्या जेवणाला ‘वेडिंग ब्रेकफास्ट’ लिहिलेलं असेल. १८८६ पर्यंत इंग्लंडमध्ये लग्न सकाळी ८ ते दुपारी १२ यातच लावावं लागे. लग्न सकाळचं, म्हणून त्यानंतरचा पहिला घास तो ब्रेकफास्ट. १८८६ ला वेळ ३ पर्यंत वाढली, १९३४ ला संध्याकाळी ६ पर्यंत, आणि २०१२ मध्ये कायद्यातलं वेळेचं बंधनच गेलं. नाव मात्र जेवणाला चिकटून राहिलं.

---

गार्गी

वाचनखूण साठवली आहे. मनीषाताई, ‘ळ’चा प्रसंग वाचून मलाही भरून आलं.

---

अनिकेत_एक्सेटर

पांढऱ्या पोशाखाबद्दल मी लिहितो, कारण त्याची निम्मी गोष्ट आमच्या डेव्हन परगण्यातली आहे.

१० फेब्रुवारी १८४० ला व्हिक्टोरिया राणीनं अल्बर्टशी लग्न केलं, लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातल्या चॅपलमध्ये. पांढरा सॅटिनचा पोशाख, डोक्यावर मुकुट नाही, संत्र्याच्या फुलांचा गजरा. पांढरं नेसणारी ती पहिली नव्हे. स्कॉटलंडची राणी मेरी १५५८ मध्ये पॅरिसला पांढऱ्यातच उभी राहिली होती. पण व्हिक्टोरियाच्या आधी राजघराण्यात चांदीच्या जरीचा थाट असे. तिची चुलतबहीण शार्लट हिचा १८१६ चा पोशाख तसा होता. साध्या घरातली मुलगी तर असलेला सगळ्यात चांगला पोशाख घाली, निळा, तपकिरी, कुठलाही, आणि पुढे तोच वर्षानुवर्षं सणावारी वापरी.

राणीनं पांढरं का निवडलं याचं मुख्य कारण मला लेस वाटतं. आमच्याकडच्या होनिटन गावच्या नावानं ओळखली जाणारी होनिटन लेस हातानं विणतात. उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि दोऱ्याच्या बारीक बारीक लाकडी काड्या एकमेकींवरून टाकत जायच्या. जॉन हीथकोटच्या यंत्रांनी जाळीचं कापड काढायला सुरुवात केली (त्याचा कारखाना १८१६ पासून इथे जवळच, टिव्हर्टनला) आणि हातानं जाळी विणणाऱ्या बायकांचा रोजगार बुडाला. राणीनं आपली लेस मुद्दाम डेव्हनमध्ये करवली. समुद्रकाठच्या बिअर नावाच्या गावात दोनशेहून अधिक बायका कित्येक महिने त्यावर बसल्या होत्या. रेशीमही लंडनच्या स्पिटलफील्ड्सच्या विणकरांचं. लेस उठून दिसायची तर खालचा पोशाख साधा हवा, आणि पांढऱ्यावर पांढरी लेस जशी खुलते तशी कशावरच नाही.

होनिटनच्या लेस संग्रहालयात मी एका आजींना विणताना पाहिलं. काड्यांचा खुळखुळ असा आवाज सतत चालू. मी तासभर उभा होतो, तेवढ्यात नखाएवढं एक पान तयार झालं. दोनशे बायका का लागल्या ते तेव्हा कळलं.

आणि राणी स्वतःच रोजनिशीत लिहिते की तिची लेस जुन्या नक्षीची नक्कल होती. म्हणजे आपण जिला परंपरेचा उगम मानतो, तीही जुन्याचा भास निर्माण करत होती. पौराणिक कारणांपेक्षा मला हे फार जवळचं वाटतं.

---

वसईची_लेक

पांढऱ्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझी आजी लाल लुगडं नेसून चर्चमध्ये उभी राहिली, आईनं पांढरा गाऊन घातला, आणि नगरकडच्या माझ्या जावेनं पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा व्हेल आणि गळ्यात मंगळसूत्र. तिन्ही लग्नं तितकीच ख्रिस्ती होती. तेव्हा मनीषाताई, लेकीला लाल नेसायचं असेल तर चर्चच्या नियमात काही आडवं येत नाही. पांढरं ही फॅशन आहे, विधी नव्हे.

---

पुराव्यानिशी

भुतं आणि तलवारी या दोन्ही गोष्टींबद्दल माझं स्पष्ट मत: विहीणबाईंसमोर त्या ‘इतिहास’ म्हणून सांगू नका. करवल्यांच्या सारख्या कपड्यांमागे भुतांचं कारण होतं, असा त्या काळचा लेखी आधार मी बरीच वर्षं शोधतोय, मला सापडलेला नाही. ही स्पष्टीकरणं रीती रुजल्यावर खूप नंतर चिकटलेली आहेत.

डाव्या बाजूचं कारण मात्र लिहून ठेवलेलं आहे. धर्मसुधारणेच्या आधी, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं त्याआधी, इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी सॅलिसबरीच्या चर्चचा लग्नविधी चाले, त्याला सारम विधी म्हणतात. त्यात नवरी डावीकडे उभी करावी अशी सूचना आहे आणि कारणही तिथेच दिलंय: हव्वा आदमच्या डाव्या बरगडीतून घडली म्हणून. तलवारीचा उल्लेख नाही.

अंगठीचंही तसंच. सारम विधीत नवरा अंगठी आधी नवरीच्या अंगठ्यात घाली, ‘पित्याच्या नावाने’. मग तर्जनीत, ‘पुत्राच्या’. मग मधल्या बोटात, ‘पवित्र आत्म्याच्या’. आणि ‘आमेन’ म्हणताना अनामिकेत घालून तिथेच ठेवी. हे सगळं उजव्या हातावर. चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकानं हात बदलून डावा केला. अनामिकेतून एक शीर थेट हृदयाला जाते, हा समज सारम विधीतही आहे आणि त्याच्या कित्येक शतकं आधी रोमन लेखकांतही. तशी शीर शरीरात नाही, पण समज खरोखरच जुना आहे, हे मान्य करायला हवं.

प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, लोकांना ही अंगठी अजिबात पसंत नव्हती, मूर्तिपूजेची खूण वाटे. आणि नवऱ्यानं स्वतःच्या बोटात अंगठी घालणं तर अगदी अलीकडचं. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या महायुद्धात रुळलं, घरापासून दूर गेलेल्या सैनिकांमुळे.

---

मनीषा_यॉर्कशायर

किती सुंदर लिहिताय सगळे! ‘आमेन’ला अनामिका, हे तर मी कधीच विसरणार नाही.

सहा पेनीबद्दल कुणी सांगेल का? डबीतलं नाणं पार काळवंडलंय. घासू का?

---

नाणेवेडा_संतोष

अजिबात घासू नका! जुन्या नाण्यावरचा तो थर गेला की नाणं गेलं. मऊ फडक्यानं पुसा, बस.

नाण्यावरचं साल बघा. १९२० च्या आधीचं असेल तर ९२.५ टक्के चांदी. १९२० ते १९४६ मधलं असेल तर निम्मी चांदी. १९४७ पासून पुढे चांदी नाहीच, तांबं आणि निकेल. सहा पेनीचं नाणं इंग्लंडमध्ये १५५१ पासून पडत होतं, चलनासाठी शेवटचं पडलं १९६७ ला, आणि १९८० मध्ये ते चलनातून गेलं. आता लोक ते लग्नासाठीच शोधत येतात. ही म्हण व्हिक्टोरियाच्या काळात छापात दिसू लागते, त्याहून जुना आधार माझ्या पाहण्यात नाही. अर्थ सरळ आहे: जुनं माहेरचं, नवं पुढच्या संसारासाठी, उसनं एखाद्या सुखी सवाष्णीकडून, निळं निष्ठेचं, आणि नाणं म्हणजे घरात पैसा टिकावा.

---

रेवती_कार्डिफ

तुमचा धागा इंग्लंडचा आहे, पण ब्रिटन म्हटलं की वेल्स आलंच, आणि आमच्याकडची एक रीत वाचून तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल.

पश्चिम वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात ‘बिडिंग’ चाले. लग्नाआधी एक माणूस हातात फितींनी सजवलेली काठी घेऊन दारोदार बोलावणं करत फिरे. पुढे कार्मार्दनच्या छापखान्यांतून त्याची पत्रं छापू लागले. मजकूर असा असे: अमुक दिवशी आमचं लग्न आहे, तुम्ही जे द्याल ते कृतज्ञतेनं घेऊ आणि तुमच्याकडे कार्य निघेल तेव्हा आनंदानं परत करू. त्याखाली अजून एक ओळ: वधूच्या आईवडिलांनी आजवर ज्यांना ज्यांना दिलंय त्यांनी ते या दिवशी परत करावं, आभारी होऊ! आलेल्या लोकांनी काय दिलं ते वहीत टिपलं जाई, कुणी किती शिलिंग, कुणी चीजचा गोळा. त्या पैशांवर जोडपं बैल, भांडी, घर उभं करी. अशी पत्रं अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

आमच्या आईच्या कपाटात आहेराची वही होती, लाल कापडाची, १९७० सालापासूनची. ‘स्टीलचं पातेलं, अमक्या मावशी’ असं लिहिलेली. कार्मार्दनचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती वही डोळ्यांसमोर आली. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, हातात पैसा कमी आणि शेजार भरपूर असला की माणसं हेच करतात.

लाकडाचा कोरीव चमचा प्रेमाची खूण म्हणून देण्याची रीतही वेल्सची. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात १६६७ सालचा चमचा आहे. भेट म्हणून द्यायला फार छान.

---

कॉव्हेंट्रीचे_काका

मी १९६४ साली या देशात आलो. पहिली तीन वर्षं ज्या बाईंकडे भाड्यानं राहिलो त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या लग्नाचा फोटो होता. १९४२ सालचा. तीन मजली पांढराशुभ्र केक, बाजूला दोघं सुरी धरून. मी केकचं कौतुक केलं तर म्हणाल्या, ‘तो पुठ्ठ्याचा आहे.’

महायुद्धात साखर रेशनवर. १९४० मध्ये केकवर साखरेचं आयसिंग करायलाच बंदी आली. बेकरीवाले पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा पोकळ केक भाड्यानं देत. बाईंनी सांगितलं, फोटो झाल्यावर त्यांनी तो वरचा डोलारा टोपलीसारखा उचलला आणि आत हाताच्या पंजाएवढा खरा केक होता. गाजर घातलेला. चाळीस माणसांत वाटला, प्रत्येकाला एक घास. हे सांगताना त्यांनी हाताचा पंजा उघडून दाखवला होता, तो मला आजही दिसतो.

त्या पांढऱ्या आयसिंगची एवढी ओढ का, तर एके काळी पांढरी साखर श्रीमंतांची वस्तू होती. जितकी शुभ्र तितकी महाग. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्डबाईंनी १७६९ मध्ये लग्नाच्या केकची कृती छापली, त्यात बदामाचा थर आणि वर साखरेचा थर असे दोन्ही आहेत. व्हिक्टोरिया राणीचा केक ३०० पौंडांचा, म्हणजे जवळपास १३६ किलो. आत सुकामेवा आणि ब्रँडी असल्यानं केक महिनोन् महिने टिकतो. म्हणून वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवत.

युद्ध संपलं तरी रेशन संपलं नव्हतं. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या (पुढे राणी झाली ती) लग्नाला सरकारनं २०० जादा कपड्यांची कुपनं दिली. देशभरातल्या बायकांनी आपापली कुपनं तिला पाठवली. दुसऱ्याची कुपनं वापरणं कायद्यात बसत नव्हतं, ती सगळी परत पाठवावी लागली. केकचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलं होतं. त्याच लग्नाला गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणकाम भेट गेलं, मधोमध ‘जय हिंद’.

---

प्राजक्ता_ब

मूळ प्रश्नाकडे येते, मुलीला ‘देण्याच्या’. माझ्या मते लेकीचं बरोबर आहे आणि इतिहासही तिच्या बाजूनं आहे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात पाद्री विचारतो, ही स्त्री या पुरुषाला कोण देतो? हे शब्द नुसते शोभेचे नव्हते. १८७० आणि १८८२ चे कायदे येईपर्यंत लग्न झाल्यावर बाईच्या पैशाअडक्यावर आणि कमाईवर नवऱ्याचा हक्क होता. एका घरातून दुसऱ्या घरात खरोखर हस्तांतर होत होतं.

---

निशांत०७

प्राजक्ता, कायद्याबद्दल सहमत. पण सोबत चालणं आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिक्टोरियाचे वडील ती आठ महिन्यांची असतानाच गेले होते, तिला तिच्या काकांनी, ससेक्सच्या ड्यूकनं दिलं. ती देशाची राणी होती, तिच्यावर मालकी कुणाची? जवळचं माणूस सोबत असावं, एवढंच त्यात उरलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या २००० सालच्या कॉमन वर्शिप विधीत तर ‘देणं’ ऐच्छिक आहे. मनीषाताई, दोघांनी चालायला काहीच हरकत नाही, फक्त व्हिकरबाईंना आधी सांगा.

आणि आता खास तुमच्यासाठी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून विवाहनोंदणीत फक्त वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहीत. आईला जागाच नव्हती. स्कॉटलंडमध्ये आईचं नाव १८५५ पासून आहे, इथे ते यायला ४ मे २०२१ उजाडावं लागलं.

---

मनीषा_यॉर्कशायर

मंडळी, लग्न झालं. शनिवारी. पाऊस आला नाही.

आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंनी चाललो. तिनं पांढराच घातला, तिच्या हौसेनं. उसनं म्हणून माझ्या पाटल्या, निळी फीत आत शिवलेली, जुनं म्हणून विहीणबाईंच्या आईचा लेसचा रुमाल. अनिकेत, मी तो उजेडाकडे धरून पाहिला, जाळी वेगळी आणि पानं वरून शिवलेली स्पष्ट दिसत होती.

नाणं १९४३ सालचं निघालं. संतोष, निम्मी चांदी. विहीणबाईंच्या आईनं ते त्याच वर्षी स्वतःच्या लग्नात बुटात घातलं होतं. मी काकांची पुठ्ठ्याच्या केकची हकिगत विहीणबाईंना सांगितली, तर त्या उठून आत गेल्या आणि फोटो घेऊन आल्या. त्यांच्या आईचाही केक तसाच होता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून तो फोटो किती वेळ पाहत होतो.

विधी झाल्यावर बाजूच्या खोलीत सह्या होत्या. व्हिकरबाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला, नाव बरोबर आहे ना बघा म्हणाल्या. ‘आई’ या रकान्यात माझं पूर्ण नाव, आणि पुढे व्यवसाय: शिक्षिका. मी म्हटलं, बरोबर आहे.